घडीचा कागद

माझी लेक चौथीत असताना शाळेत वडिलांच्या कामावर दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. तिनं विचारलं, "बाबा, सुपरवायझर म्हणजे काय करतो?" मी म्हणालो, "उभा राहतो." तिनं तसंच लिहिलं, आणि बाईंनी त्याच्याखाली लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं.

उत्तर खोटं नव्हतं. सांगलीच्या एका मोठ्या कापड दुकानात मी पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, नऊ वर्षं उभा राहिलो. वर येणाऱ्याला "या" म्हणायचं. लग्नाचा बस्ता आहे की वाढदिवसाची एकच साडी, हे त्याच्या चालीवरून ओळखायचं आणि त्याला त्या त्या काउंटरकडं वळवायचं. उरलेल्या वेळात काउंटरमागची कुणी बाई बसत नाही ना, यावर नजर ठेवायची. हे शेवटचं काम मी लेकीला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगत नसे.

मी वडूजकडचा. बारावीनंतर मामाच्या ओळखीनं सांगलीला आलो तेव्हा ते दुकान एकमजली होतं आणि तिथं गादी होती. पांढरी चादर घातलेली, भिंतीपासून भिंतीपर्यंत. गिऱ्हाईक चपला काढून गादीवर बसायचं, आम्हीही समोर मांडी घालून बसायचो. साडी एका झटक्यात हवेत पसरायची, पदर दाखवायचा, नको म्हणाले की बाजूला. गिऱ्हाईक गेलं की ढीग समोर ओढून घड्या घालायच्या. तेवढाच विसावा. हातानं काम आणि तोंडानं गप्पा.

घडी घालायला मला ताईंनी शिकवलं. ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, मिरजेहून रोज सिटी बसनं यायच्या. नवरा लवकर गेलेला, घरी सासू. मी घातलेली पहिली घडी त्यांनी दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली होती. "आवं, ही काय साडी हाय का पोतं? नांगर धरल्यागत धरू नगा. काठाला काठ लावा, पदर आत, आन हात फिरवायचा तो मऊ. लेकराच्या डोक्यावरनं फिरवल्यागत." मला त्या दादा म्हणायच्या, मी त्यांना ताई.

मग मालकांचा मुलगा पुण्याहून शिकून आला. जुनी इमारत पाडून तीन मजल्यांची झाली. काचा, सरकता जिना, कमरेएवढे काउंटर. गादी गेली. आम्हाला गणवेश आले, आणि सगळ्यांनी एकमेकांना सर आणि मॅडम म्हणायचं असं ठरलं. मला पहिल्या मजल्याचा सुपरवायझर केलं. पहिल्या दिवशी ताई जिन्यापाशी आल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, सर." पुढं जाऊन तोंडावर हात धरून इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना.

नव्या दुकानाचा एक नियम होता. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत, जेवणाचा अर्धा तास सोडून, मजल्यावर कुणी बसायचं नाही. धाकटे मालक म्हणायचे, "बसलेला स्टाफ दिसला की गिऱ्हाइकाला वाटतं इथं धंदा नाही." स्टूल, खुर्ची, काही ठेवलंच नव्हतं. पुरुष मंडळी गोदामात जायच्या निमित्तानं पोत्यावर टेकून यायची. बायकांना ते निमित्त नव्हतं.

पण घड्या तर घालाव्याच लागत. त्यातून त्यांनी वाट काढली. जुन्या गादीचा एक तुकडा, पाटाएवढा, ताईंनी पाडापाडीच्या वेळी उचलून ठेवला होता. तो साड्यांच्या काउंटरमागं फरशीवर टाकलेला असायचा. दुपारी गर्दी ओसरली की काउंटरवरच्या पाचजणींतली एक साड्यांचा ढीग मांडीवर घेऊन त्यावर खाली बसायची. दोघी पुढं उभ्या राहायच्या, साडी धरून, आडोसा केल्यासारख्या. दहा मिनिटांनी ती उठायची, दुसरी बसायची. याला त्या "घडीला बसणं" म्हणायच्या. "घडीला कोण हाय गं?" असं एकीनं विचारलं की समोरच्या गिऱ्हाइकाला काही कळायचं नाही.

मला जिन्यावरून सगळं दिसायचं. काउंटरवर पाच डोकी असायची, ती चार व्हायची. मी तोंड दुसरीकडं फिरवायचो. आणि या न बघण्याला मी माझा चांगुलपणा समजत होतो. घरी येऊन बायकोला सांगायचो, मी आहे म्हणून चाललंय त्यांचं.

ताईंना बसणं सगळ्यांत गरजेचं होतं. डाव्या पिंढरीवरच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या होत्या. मिरजेच्या डॉक्टरांनी घट्ट पट्टी बांधायला आणि उभं राहणं कमी करायला सांगितलं होतं. ताई म्हणायच्या, "डॉक्टरला म्हटलं, चिठ्ठी लिहून द्या आमच्या मालकांना. तर म्हणतो, मालकांनाच घेऊन या, त्यांच्याबी शिरा बघतो."

लग्नसराईत एकदा भांडण झालं. तासगावकडची एक पोरगी होती, ती दहाची वीस मिनिटं बसायची. दुसरी कडाडली, "ऊठ की आता! तुझ्या बाची गादी हाय व्हय?" तिनं बसल्या बसल्याच उत्तर दिलं, "माझ्या बाची असती तर तुला पायपुसण्यावरबी उभं केलं नसतं." पलीकडं गिऱ्हाईक बस्त्याचा शालू बघत होतं. ताईंनी दोघींना डोळ्यांनीच दाबलं आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडं आल्या.

"सर, तुमीच काय ते ठरवून द्या. माझं ऐकंनात."

मी खिशातल्या निळ्या रेघांच्या डायरीचं एक पान फाडलं आणि तिथंच लिहून दिलं. पाच नावं, प्रत्येकीची वेळ, दहा दहा मिनिटं. ताईंचं नाव दोनदा, पायासाठी. वर लिहिलं, घडी. मला त्या कागदाचा अभिमान वाटला. म्हटलं, सुपरवायझर असावा तर असा.

मग पान त्यांच्या हातात देताना म्हणालो, "ताई, माझं अक्षर कुणाला लागायचं नाही. तुम्ही जरा फेअर करून लावा."

ताईंचं अक्षर दुकानात प्रसिद्ध होतं. 'आजची खास पैठणी' असले फलक त्याच लिहायच्या. माझं अक्षर वाईट आहे हेही खरं. पण ते पान देताना माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती. हा कागद कुठं सापडला तर तो माझ्या हातचा नसावा. हा विचार मी तेव्हा पुरता केलासुद्धा नाही, नुसता येऊन गेला. इतक्या वर्षांत मी स्वतःलाही तो कबूल केला नव्हता.

ताई म्हणाल्या, "खाली सही करा की. म्हंजे पोरी भांडणार न्हाईत."

मी हसलो. "सही कशाला? हे काय कलेक्टर ऑफिस आहे?"

त्यांनी जाड पुठ्ठ्यावर सुरेख अक्षरात तो कागद उतरवला आणि काउंटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. भांडणं थांबली. सात-आठ महिने तो तिथं होता.

एका सकाळी धाकट्या मालकांना कात्री हवी होती आणि त्यांनी ते कपाट उघडलं.

रोज दुकान उघडण्याआधी आमची प्रार्थना असायची. सगळा स्टाफ तळमजल्यावर रांगेत उभा राहायचा. त्या दिवशी प्रार्थना झाली आणि धाकट्या मालकांनी तो पुठ्ठा वर धरला. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नसे.

"हे कुणी केलं?"

पोरी खाली बघत होत्या. ताई दुसऱ्या रांगेत होत्या, पिशवी खांद्याला, डाव्या पायावरचा भार काढून उजव्यावर घेतलेल्या. मी मालकांच्या शेजारी उभा होतो, सुपरवायझर तिथंच उभे राहायचे. त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "सर, हे अक्षर ओळखता?"

मी म्हणालो, "ताईंचं आहे."

एवढंच. त्यात एक शब्द खोटा नव्हता. अक्षर ताईंचंच होतं. पुढं किती वर्षं मी त्या एका गोष्टीला धरून राहिलो, की मला जे विचारलं त्याचं मी खरं उत्तर दिलं. मजकूर कुणाचा, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. पन्नास साड्या उलगडून घेऊन गिऱ्हाईक "बघू, नंतर येतो" म्हणून उठलं की आम्ही त्याच्याकडं जसं बघायचो, तसं. त्यात राग नव्हता. असं व्हायचंच, असं काहीतरी त्या नजरेत होतं. त्या वाट बघत होत्या. मी पुढं काही बोलेन म्हणून, मोजून सांगता येणार नाही पण बराच वेळ. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होतो.

मग त्या म्हणाल्या, "व्हय. माझंच हाय."

"सुपरवायझरना माहीत होतं?"

"त्यांना कसं म्हाईत असंल? ते तिकडं जिन्याला. गिऱ्हाइकातनं त्यांना मान वळवायला सवड हाय का?"

मागं एक पोरगी हुंदका देऊन थांबली. मालक म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मग विचार करून म्हणाले, उद्यापासून कशाला, आजपासूनच.

दुकानातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी सुपरवायझरनं तपासायची, असा आमच्याकडं नियम होता. ताईंची पिशवी मी तपासली. वीस वर्षांहून जास्त काळ माझ्याबरोबर काम केलेल्या बाईची पिशवी, मागच्या दारात, वॉचमनसमोर. डबा होता. पायाला बांधायच्या पट्टीची गुंडाळी होती. आतल्या कप्प्यात चार घड्या घातलेला एक कागद होता, निळ्या रेघांचा. माझ्या डायरीचं पान. मी ते बाहेर काढलं नाही, पण बोट त्यावर होतं, आणि ताई माझ्या बोटाकडं बघत होत्या.

मी चेन लावली. म्हणालो, "ठीक आहे, मॅडम."

मॅडम म्हणालो. त्यांना मी त्याआधी कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

इथंच हे संपलं असतं तर एका भित्र्या माणसाची गोष्ट म्हणून मी ती विसरायचा प्रयत्न केला असता. पण त्याच दुपारी मी काउंटरमागं गेलो आणि गादीचा तो तुकडा स्वतःच्या हातानं उचलला. कुणी सांगितलं नव्हतं. मालक तर ते विसरूनही गेले होते, त्यांच्या डोक्यात पुठ्ठा होता. मी तो तुकडा मागच्या कचऱ्यात टाकला आणि पोरींना म्हणालो, "आता हे बंद. उभं राहूनच घड्या घालायच्या." तासगावची पोरगी म्हणाली, "बरं, सर." त्या दिवसापासून ती मला फक्त "बरं, सर" एवढंच म्हणायची, काहीही विचारलं तरी. पुढच्या महिन्यात धाकटे मालक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी लगेच ओळखलंत." मी मान हलवली.

नंतर मी सातारला आलो. इथल्या एका मोठ्या दुकानात साड्यांच्या मजल्यावर तेच काम. गावी आई एकटी होती, तिला जवळ पडावं, हे कारण सगळ्यांना सांगितलं. तेही खोटं नव्हतं. खरी कारणं शोधून ठेवायची मला सवयच लागली होती.

गेल्या वर्षी आईच्या मोतीबिंदूसाठी मिरजेला गेलो. गावातल्या तिच्या मैत्रिणीचं ऑपरेशन तिथंच चांगलं झालेलं, म्हणून तिथंच. आईला आत नेलं आणि मी बाहेर औषधांच्या रांगेत उभा होतो, तर मागून आवाज आला.

"दादा? आवं, तुमीच की!"

ताई होत्या. शेजारणीला घेऊन आल्या होत्या. केस पांढरे, अंग सुटलेलं, हसणं तेच. मला पळून जावंसं वाटलं आणि रांग सोडता येईना. त्यांनी आईची चौकशी केली, लेकीची केली, आता कुठं असतो तेही विचारलं. मग म्हणाल्या, "तासभर लागतोय त्यांना. घर हितंच मागं हाय. चहा घ्या, चला."

घर एका खोलीचं. गल्लीत एका दारापुढं तंबोऱ्याचे भोपळे वाळत घातलेले. खोलीत शिलाईयंत्र, भिंतीला साड्यांचे गठ्ठे. त्या फॉल-पिकोचं काम करत होत्या. यंत्रासमोर खुर्ची, आणि डावा पाय ठेवायला खाली छोटा चौरंग.

"बसून काम हाय," त्या म्हणाल्या. "लय आराम. मालकबी मीच, सुपरवायझरबी मीच. कुणी बसलं तर मीच मला रागावती."

मी हसलो नाही. चहाचा कप हातात धरून मी म्हणालो, "ताई, तो कागद..."

"हाय की." उठल्या आणि यंत्राच्या खणातून काढून समोर धरला. निळ्या रेघा, माझं कोंबडीच्या पायांचं अक्षर. "फाडला न्हाई. लय वाईट अक्षर हाय पर तुमचं."

"तुम्ही त्या दिवशी का नाही दाखवला?"

त्यांनी पाय चौरंगावर ठेवला. "दाखवणार हुते. हात पिशवीत गेलता माझा. मग म्हटलं, दाखवला तर दोघंबी जाणार. नवा सुपरवायझर येणार, त्यो काय पोरींना बसू द्यायचा न्हाई. तुमी ऱ्हायला तर तुमी तेवढं बघून न बघितल्यागत करणार. माझं काय, माझा पाय गेल्यातच जमा हुता. त्या पोरी तरी..." मग एकदम माझ्याकडं बघून विचारलं, "पुढं बसत हुत्या न्हवं त्या? घडीला?"

मला बोलता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. नोकरी जाणार नव्हती, कुणी पुठ्ठा वर धरला नव्हता, कसलंही भय नव्हतं.

मी म्हणालो, "हो. बसत होत्या."

"मी म्हटलंच हुतं," ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मला तो बघवेना. "सासूला म्हटलं हुतं, दादा तोंडानं भित्रा हाय, पर आतनं बरा हाय."

पहिल्या वेळी मी भीतीनं गप्प बसलो. या वेळी भीतीसुद्धा नव्हती. हे मला कुणालातरी सांगायचं होतं, आणि सांगायला हा, आत्ता लिहितोय तो कागदच सापडला.

निघताना त्यांनी एक गोल उशी पिशवीत घालून दिली. ब्लाउजच्या तुकड्यांची, रंगीबेरंगी, आत कापूस ठासून भरलेला. "सातारच्या तुमच्या पोरींना द्या. फरशी गार लागती खाली." मी घेतली. दवाखान्यात डोळ्यावर पट्टी असलेल्या आईनं पिशवी चाचपून विचारलं, काय आणलंस? म्हटलं, उशी. तिनं ती प्रवासभर पाठीला घेतली.

आठ महिने ती उशी माझ्या कपाटावर पडून होती. ताईंना फोन करून खरं सांगावं, असं आठवड्यातून एकदा तरी वाटायचं. नंबर त्यांनीच दिला होता. मी फोन केला नाही. अजून केलेला नाही.

पंधरा दिवसांपूर्वी मी ती उशी सातारच्या दुकानात नेली आणि साड्यांच्या काउंटरमागं ठेवली. इथंही तोच नियम आहे, सगळीकडं तोच असतो. पोरी उशीकडं बघेनात. एक म्हणाली, "सर, हे कुणाचं ऱ्हायलंय?"

"बसायला आहे. घड्या घालताना."

त्या एकमेकींकडं बघून हसल्या. एकजण हळूच म्हणाली, "सर, आमाला अडकवताय व्हय?" दुसरीनं छताकडं बोट केलं. कॅमेरा होता.

तेव्हा मी डायरीचं पान फाडलं. चार नावं, दहा दहा मिनिटं, वर घडी. खाली माझी सही केली, पूर्ण नावासकट, आणि पान कपाटाच्या आत नाही, बाहेर, सगळ्यांना दिसेल असं चिकटवलं. त्या दुपारी पहिल्यांदा एक पोरगी खाली बसली. बसताना तिनं माझ्याकडं तीनदा पाहिलं.

हे इथं थांबवलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण परवा मॅनेजर वर यायला निघाल्याचं कळलं आणि माझा हात आपोआप गेला. मी तो कागद काढून खिशात घातला. मॅनेजर मजला बघून गेले. काउंटरमागं डोकावले नाहीत. मी कागद बाहेर काढला तेव्हा तो घामानं ओला झाला होता, शाई पसरली होती, सही वाचता येत नव्हती.

उशीवर बसलेल्या पोरीनं सगळं पाहिलं होतं. ती उठली, हातातली घडी फळीवर ठेवली आणि म्हणाली, "सर, द्या तो. मी नवीन लिहिते. माझं अक्षर चांगलं हाय."

"नको," मी म्हणालो. "मीच लिहितो."